शरदिनीताईंचा सोऱ्या

शरदिनी आठल्ये रेल्वेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसनं त्यांना शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांच्या मते किंचित पुढं जात होतं, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी ते उघडलं. ते आजतागायत बंद आहे. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कुणाचा मोबाइल अडला, गॅसचं बुकिंग होईना, की माणसं त्यांच्याच दारात येतात. ताई आधी रागावतात, मग काम करतात. न रागावता केलेलं काम त्यांना कच्चं वाटतं.

घरात त्या आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा अनिमेष. त्याची नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत आणि मुक्काम मावशीकडं, वरच्या खोलीत. दिवसभर कानाला हेडफोन लावून तो इंग्रजीत सभा करतो, खाली येऊन हिंदीत भाजीवाल्याशी घासाघीस करतो, आणि जेवायला बसला की जे बोलतो त्याला मराठी म्हणायचं की नाही यावर मावशी-भाच्याचं कधी एकमत झालं नाही.

एकदा जेवताना तो म्हणाला, "मावशी, दही खतम झालं का?"

"संपलं म्हणावं. खतम माणसं होतात."

"काय फरक पडतो? मराठीत जेवण मागता येतं, बस. मराठीत काम नाही होत."

तो हे सहज बोलला आणि वर निघून गेला. ताई मात्र ताटावरून उठल्या त्या थेट जुन्या लॅपटॉपपुढं जाऊन बसल्या. त्या दिवसापासून पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, होळी सगळं होऊन गेलं, आणि ताईंनी एक आख्खी कॉम्प्युटरची भाषा तयार केली. मराठीतली. रागाच्या भरात इतकं मोठं काम गल्लीत आजवर कुणी केलं नव्हतं.

गंमत अशी, की ब्राउझर म्हणजे आपण ज्यात इंटरनेटची पानं उघडतो तो, त्याला जावास्क्रिप्ट नावाची भाषा सोडून दुसरं काही कळत नाही. तेव्हा ताईंनी असा एक प्रोग्राम लिहिला की वरून मराठी शब्दांतल्या सूचना घालायच्या आणि खालून जावास्क्रिप्ट बाहेर पडायची. अनिमेष म्हणाला, याला कंपायलर म्हणतात. ताई म्हणाल्या, याला सोऱ्या म्हणतात. वरून पीठ, खालून चकली. भाषेचं नावही तेच पडलं.

शब्द ठरवताना मात्र भांडणं झाली. शेजारी हिमानी देवस्थळी राहायची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळं सांगलीहून आलेली. तिला ताईंनी मोठ्या उत्साहानं पडद्यावर दाखवलं: 'अगर', 'नाहीतर', 'वापस'.

"ताई, 'अगर' हिंदी झालं. 'जर' हवं. आणि 'वापस' नाही, 'परत'."

"आमच्या घरात माझी पणजीसुद्धा 'वापस' म्हणायची."

"पणजीबाई चुकत असतील."

हिमानीला त्या दिवशी चहा मिळाला नाही. आठवडाभरानं ताईंनी सोऱ्याला दोन्ही शब्द शिकवले. 'अगर' लिहा नाहीतर 'जर' लिहा, चकली तीच पडेल. हिमानीला वाटलं आपण जिंकलो, ताईंना वाटलं पणजी जिंकली.

दोन शब्दांचा ताईंना विशेष अभिमान होता. पहिला 'शिदोरी'. एखादं काम आत्ता करायचं नाही, नंतर केव्हातरी करायचं आहे. पण त्या कामाला लागणारी नावं आत्ताच त्याच्या सोबत बांधून द्यायची, म्हणजे ते जिथं जाईल तिथं त्याचं त्याच्यापाशी असेल. अनिमेषच्या धंद्यात याला क्लोजर म्हणतात. दुसरा शब्द 'पुढचा'. पंगतीत वाढणारी बाई कुठपर्यंत वाढून झालं ते लक्षात ठेवते आणि हाक मारली की त्यापुढच्या पानावर येते, तसं हे नावांच्या रांगेतलं पुढचं नाव काढून देई. अनिमेष त्याला इटरेटर म्हणाला.

"वाईट नाही, मावशी," इतकंच तो म्हणाला. ताईंनी ते प्रशस्तिपत्र समजून घेतलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

भाद्रपद आला. मंगला गौरीजवळच्या सभागृहात मराठी समाजाचा गणपती बसतो. दहा दिवसांच्या संध्याकाळच्या नैवेद्याला दहा घरं, आणि कुठलं घर कुठल्या दिवशी यावरून दर वर्षी तंटा. पहिला दिवस मानाचा म्हणून सगळ्यांना हवा, मधले कुणालाच नको. अध्यक्ष वेणीमाधव घाणेकर दर वर्षी क्रम लावायचे आणि दर वर्षी कुणीतरी त्यांच्याशी बोलणं सोडायचं. यंदा ताईंनी सभेत उभं राहून सांगितलं, "क्रम सोऱ्या लावील. नावं पत्त्यांसारखी पिसली जातील. कुणाचं नाव कधी, हे मलाही कळणार नाही. रोज सकाळच्या आरतीनंतर सभागृहातला टीव्ही त्या दिवसाचं नाव मोठ्यानं बोलेल. त्या घरानं संध्याकाळी नैवेद्य आणायचा."

"यंत्र पक्षपात करणार नाही ना?" वेणीमाधवरावांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं ते स्वतः फार मोठ्यानं बोलतात.

"पक्षपाताला अक्कल लागते. यंत्राला ती नाही."

हे वाक्य सगळ्यांना पटलं. ताईंनी घरी चाचणीही घेतली. चाचणीत यादी एकाच नावाची होती, त्यांच्या स्वतःच्या. यंत्र स्वच्छ आवाजात बोललं, "आजचा नैवेद्य, शरदिनी आठल्ये." ताई समाधानानं झोपल्या.

चतुर्थीच्या सकाळी आरती झाली, कापूर विझला, आणि टीव्ही बोलला, "आजचा नैवेद्य, दिनानाथ खांबेटे."

दिनानाथ खांबेटे रामघाटाच्या वेदपाठशाळेत शिकवणारे, बोलायला मवाळ, कुणाला कधी नाही न म्हणणारे. आयुष्यात त्यांच्या वाट्याला पहिला दिवस आलाच नव्हता. ते जागच्या जागी उभे राहून गदगदले. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, उकडीचे मोदक आणले. सगळ्यांनी वाखाणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बोलला, "आजचा नैवेद्य, दिनानाथ खांबेटे."

थोडी कुजबुज झाली. "चिठ्ठ्यांत असं होतं कधीकधी," ताई म्हणाल्या. खरं तर चिठ्ठ्यांत असं होत नाही. एकदा निघालेली चिठ्ठी पुन्हा निघत नाही. पण आरतीनंतर सगळ्यांना कामावर जायचं होतं. इंदूवहिनींनी पुरणपोळ्या केल्या.

तिसऱ्या दिवशीही दिनानाथच. आता मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ते म्हणाले, "अगं, गजाननानं मला धरलंय."

"धरलंय तुम्हांला आणि राबतेय मी," इंदूवहिनी म्हणाल्या. "नारळ कोण खवणार? तुम्ही की तुमचा गजानन?"

दिनानाथ नारळ खवायला बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच बसले असावेत, कारण खोबऱ्यापेक्षा करवंटीच जास्त निघाली. पण बसले. चौथ्या दिवशी ते आपणहून पहाटे उठले, स्नान करून मंगला गौरीला जाऊन आले, आणि सभागृहात पहिल्या रांगेत हात जोडून बसले. टीव्हीनं त्यांना निराश केलं नाही.

एव्हाना गल्लीतली हवा बदलली होती. गंगा चढलेली असल्यानं घाटावर जाऊन बसायची सोय नव्हती. माणसं घरातच, त्यामुळं बोलायला वेळ भरपूर. कुणी म्हणालं, खांबेट्यांनी शरदिनीला बनारसी साडी दिली. कुणी म्हणालं, साडी नाही, मोदक पोहोचतात तिच्याकडं. हिमानीला मोदकांची गोष्ट खरी वाटेना, कारण तिच्या मते काशीच्या मोदकांत जायफळ कमी असतं आणि त्यासाठी कुणी बेइमानी करणार नाही. वेणीमाधवरावांच्या बायकोनं तर चक्क सांगितलं, "सामान आणून ठेवलंय, खवा नासायला आला. नाव काही येत नाही. मी नाही आता काही करत."

पाचव्या दिवशी पुन्हा तेच नाव आल्यावर वेणीमाधवरावांनी संध्याकाळी सभा बोलावली.

ताई दुपारी घरी आल्या त्या धुमसत. यादी तपासली, दहाही नावं होती. दिवस तपासले, दहाही दिवस बरोबर. टीव्ही बोलत होता तोही वेळेवर. अनिमेष पाणी प्यायला खाली आला आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडं बघू लागला.

"मावशी, सोऱ्यातून काय पडलंय ते दाखव ना. जावास्क्रिप्ट."

"काही गरज नाही. मराठीत सगळं बरोबर आहे."

"मराठीत बरोबर असेल. पण तू जावास्क्रिप्ट शिकलीस केव्हा? नोकरीत असताना, जुन्या जमान्यात. फेऱ्याच्या, म्हणजे लूपच्या, आत नाव ठेवायला ते जुनं 'व्हॅर' टाकलंस ना?"

ताईंनी लॅपटॉप मिटला. "तुझी मीटिंग असेल. जा वर."

तो गेल्याचा आवाज ऐकून त्यांनी तो पुन्हा उघडला, आणि चकली बारकाईनं पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी एक पाट उचलला, काखेत मारला आणि सभेला निघाल्या.

सभागृहात सगळे जमले होते. ताईंनी मधोमध पाट टाकला.

"हे काय?" वेणीमाधवराव ओरडले.

"बसा यावर."

"मी?"

"तुम्हीच. हिमानी, इकडं ये. या पाटावर कोण बसलंय ते बघून ठेव. मी टाळी वाजवली की पाटावरच्या माणसाचं नाव घ्यायचं. आत्ता नाही, टाळी वाजल्यावर. जा, त्या कोपऱ्यात उभी राहा."

मग वेणीमाधवरावांना उठवून त्यांनी त्यांच्या बायकोला बसवलं आणि दुसऱ्या एका बाईंना तेच सांगून दुसऱ्या कोपऱ्यात पाठवलं. असं करत करत चारही कोपरे भरले. शेवटी दिनानाथांना पाटावर बसवलं आणि ताईंनी टाळी वाजवली.

चारही कोपऱ्यांतून एकदम आवाज आला, "दिनानाथ खांबेटे!"

मग मागून कुणीतरी हसलं आणि हसू पसरत गेलं.

"कळलं?" ताई म्हणाल्या. "दहा दिवसांसाठी दहा शिदोऱ्या मी बांधल्या. मला वाटलं, प्रत्येकीत एकेक नाव बांधलंय. नाव नव्हतंच. 'पाटावर जो असेल तो' एवढंच बांधलं होतं, आणि पाट सगळ्यांना मिळून एक. यंत्रानं क्षणात दहाही जणांना त्यावर बसवून उठवलं. शेवटी बसले दिनानाथराव, ते उठलेच नाहीत. आता रोज सकाळी शिदोरी उघडते आणि पाटाकडं बघते."

"मग पाट एकच का ठेवला?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"मी एकच ठेवलाय हे मला माहीतच नव्हतं. दर फेरीला नवा पाट मांडायला हवा होता. चूक माझी आहे."

शरदिनी आठल्यांनी भर सभेत चूक कबूल केल्यामुळं भांडणाला कारणच उरलं नाही. लोक तंट्याची तयारी करून आले होते. तो तसाच घेऊन घरी जावं लागणार असं दिसू लागलं.

पाटावरचे दिनानाथ मात्र अजून पाटावरच होते. खाली बघत ते म्हणाले, "म्हणजे मला बाप्पानं नाही बोलावलं."

ताईंना वाईट वाटलं. त्या त्यांच्यासमोर खाली बसल्या. "नाही हो, दिनानाथराव. माझ्या डोक्यातली गडबड होती ती. तुम्हांला आणि वहिनींना फुकट त्रास झाला. मी उद्या येते, भांडी घासते, म्हणाल ते करते."

दिनानाथांनी थोडा विचार केला. पाठशाळेत ते मुलांना देतात तसा सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्यांनी प्रश्न विचारला. "शरदिनीताई, गडबड तुमच्या बुद्धीत झाली?"

"हो."

"बुद्धीची देवता कोण?"

ताईंनी मूर्तीकडं पाहिलं, दिनानाथांकडं पाहिलं, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. दिनानाथ प्रसन्न चेहऱ्यानं उठले आणि पाट उचलून त्यांनी तो स्वतः भिंतीशी नीट टेकवून ठेवला.

"देवता असेल," इंदूवहिनी मागून म्हणाल्या, "पण भांडी घासायला ताई उद्या येताहेत, हे मी ऐकलंय."

ताई खरंच गेल्या. कढईला लागलेलं पुरण काढता काढता त्या आणि इंदूवहिनी इतक्या हसल्या की दिनानाथांना पाठ थांबवावा लागला.

त्याआधी त्याच सभेनंतर ताईंनी सोऱ्या दुरुस्त केला होता. आता फेऱ्याच्या प्रत्येक खेपेला नवं नाव, नवा पाट, आपापली शिदोरी. पण समाजाचा त्या आपोआप बोलणाऱ्या टीव्हीवरचा विश्वास उडाला होता. तेव्हा ताईंनी शिदोऱ्या बाजूला ठेवून पडद्यावर एकच मोठं बटण दिलं. त्यावर लिहिलं होतं 'पुढचा'. रोज सकाळी अध्यक्षांनी ते दाबायचं, की राहिलेल्या घरांतलं पुढचं नाव येणार. दिवस पाचच उरले होते, तेव्हा चार घरांनी आपणहून पुढच्या वर्षावर सोडलं. यंत्र फक्त कुठपर्यंत आलो ते लक्षात ठेवील. बटण दाबणार माणूसच. वेणीमाधवरावांना ही पद्धत फार आवडली. त्यात बटण होतं आणि ते त्यांच्याकडं होतं.

सहाव्या दिवशी ते सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून टीव्हीपुढं आले आणि त्यांनी बटण दाबलं. यंत्र बोललं, "आजचा नैवेद्य, वेणीमाधव घाणेकर." नेमक्या त्याच क्षणी बाहेर कुणाच्या तरी मोटरसायकलनं गल्लीतल्या गाईला हटवायला लांबलचक हॉर्न दिला. एरवीही वेणीमाधवरावांना कमीच ऐकू येतं. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पडद्याकडं डोळे बारीक करून पाहिलं, काही झालं नाही असं समजून बटण पुन्हा दाबलं.

"आजचा नैवेद्य, हिमानी देवस्थळी."

"हिमानी!" वेणीमाधवराव गरजले. "आज तुझा!"

"काका, आधी तुमचं नाव आलं होतं!"

"काय?"

"तुमचं! घाणेकर! तुम्ही दोनदा दाबलंत!"

हे त्यांना समजायला तीन माणसं लागली. समजल्यावर त्यांनी शांतपणे ताईंना आज्ञा केली, "मागं घ्या."

"मागं येत नाही."

"येत नाही म्हणजे? बटण आहे ना?"

"बटणावर काय लिहिलंय? 'पुढचा'. त्याला पुढं जाणं तेवढं ठाऊक आहे. एकदा दिलेलं नाव ते वापस देत नाही."

"परत देत नाही," हिमानी म्हणाली.

"तू नैवेद्याचं बघ!"

हिमानीकडं तयारी काहीच नव्हती. एव्हाना कुणाच्याच घरी तयारी उरली नव्हती. सगळ्यांनी खांबेट्यांच्या भरवशावर डबे रिकामे केले होते. ती धावत घरी गेली आणि तिनं संध्याकाळी सांगलीच्या पद्धतीचे, जायफळ घातलेले मोदक आणले. ते थोडे फुटले होते, पण चव चांगली होती. इंदूवहिनींनी तीन खाल्ले आणि आपण न केलेला मोदक इतका गोड लागतो हे आपल्याला माहीत नव्हतं असं जाहीर केलं.

वेणीमाधवराव मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. अध्यक्षाच्या घरचा नैवेद्य त्याच्याच बोटानं हुकावा हे त्यांना सहन होत नव्हतं. ताईंनी उपाय म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते म्हटलं, तर इंदूवहिनींनी हात जोडले. पुन्हा नावं पिसली की काय होईल याची त्यांना खात्री नव्हती.

शेवटी दिनानाथच आपणहून वेणीमाधवरावांच्या घरी गेले. पिसलेल्या यादीत खांबेटे सर्वांत शेवटी होते, म्हणूनच तर तो सगळा घोळ झाला होता. एक नाव हुकल्यानं पुढची सगळी एकेक दिवस आधी सरकली, तेव्हा शेवटचा दिवस न्यायानं त्यांचाच होता.

"तो तुम्ही घ्या," ते म्हणाले. "माझे पाच झालेत."

वेणीमाधवरावांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा ते थोडे हुंदके दिल्यासारखे खाकरले आणि म्हणाले, "बायकोला विचारलंत?"

"तिनंच पाठवलंय."

अनंत चतुर्दशीला घाणेकरांचा नैवेद्य आला आणि तो इतका मोठा होता की आणायला चार माणसं लागली. बटण त्या दिवशी ताईंनी स्वतः दाबलं, एकदाच, आणि लगेच टीव्हीची पिन काढून घेतली.

पाणी उतरलं, घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ धुतला गेला, होड्या पुन्हा लागल्या. कार्तिक जवळ आला तसे एके दुपारी रामघाटाचे काही नावाडी आठल्यांच्या दारात उभे राहिले. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला यात्रेकरू येणार, कुणाची होडी आधी निघायची यावरून दर वर्षी मारामारी होते, आणि घाटावर त्यांनी ऐकलं होतं की दूधविनायकाला एक बाई राहते, तिच्या मशीनमुळं चूक झाली तर ती सगळ्यांसमोर चूक म्हणते.

"लेकिन दीदी," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "मराठी हमके ना बुझाई. हमनी के बोली में बनी?"

सोऱ्या भोजपुरीत मागितलेला ऐकून ताई आधी रागावल्या. मग त्यांनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा ठेवला आणि अनिमेषला हाक मारून वरून लॅपटॉप आणायला सांगितलं. 'अगर' चालेल, असं नावाड्यांनी ताबडतोब मान्य केलं. 'नाहीतर'ला भोजपुरीत काय म्हणायचं यावर मात्र त्यांच्यातच दोन तट पडले, आणि दोन्हीकडचा आवाज चढत गेला तशा ताई मांडी ठोकून, चष्मा वर ढकलून, एकेक शब्द आनंदानं लिहून घेत राहिल्या.